गॅरेजचें दार आणि कोंकणचा पावसाळा

रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास सूज्ञ गृहस्थ कौलें चाळून घेतो, पन्हळी साफ करवितो, अंगणांतील पाण्याची वाट मोकळी करतो. परंतु ज्या दाराआड घराच्या खालोखाल किंमतीची वस्तु, म्हणजे मोटारगाडी, उभी असते त्या दाराकडे पाहण्याची त्यास सहसा आठवण होत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं अलिबाग, मुरूड, दापोली, रत्नागिरी या बाजूस घरें बांधलीं आहेत. निवृत्तीनंतर मूळ गांवीं परतणारेही थोडे नाहींत. त्या घरांच्या गॅरेजला बहुधा पत्र्याच्या पट्ट्यांचें गुंडाळतें शटर असतें, आणि हल्लीं त्यास विजेची मोटर जोडलेली असते. पुण्यास वर्षाकाठीं सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीस तीन हजारांहून अधिक; तेव्हां पुण्याच्या अनुभवावरून कोंकणांतील दाराचा हिशेब करूं नये.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. अंगावर आदळणाऱ्या पावसानें दाराचें फारसें बिघडत नाहीं. तें पाणी निथळून जातें. दाराचा घात करतें तें न निघणारें पाणी. उंबऱ्याशीं साचलेल्या डबक्यांत शटरची तळपट्टी चार महिने उभी राहते. दोहों बाजूंच्या खोबणींच्या तळाशीं वाळू व पालापाचोळा बसून ओला लगदा होतो, आणि गंजाचा आरंभ तेथूनच होतो. याकरितां रंगाचा डबा आणण्यापूर्वीं पाण्याची वाट पाहावी. दारापुढील जमिनीचा उतार बाहेरच्या अंगास असावा. तो तसा नसेल तर उंबऱ्याच्या पुढें आडवी चर खणून तीवर लोखंडी जाळी बसवावी. खोबणीचा तळ मोकळा असावा. तळपट्टीखालील रबर चिरलें असेल तर तें बदलावें. इतकें केलें म्हणजे निम्में काम झालें.

किनाऱ्यावर पाण्याहून मोठा शत्रु मीठ होय. समुद्रावरील वाऱ्यांतून येणारे क्षारकण पत्र्यावर बसतात, आणि हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं हें मीठ आपण होऊन पाणी शोषून घेतें. पावसाळ्यांत आर्द्रता त्याहून खालीं क्वचितच उतरते. म्हणजे पावसाचा थेंबही न लागतां पत्रा रात्रंदिवस ओलाच राहतो. येथें एक चमत्कार वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. दाराची बाहेरची बाजू पावसानें धुतली जाते, म्हणून ती बरी टिकते. आंतली बाजू आणि वर पेटींत राहणारी गुंडाळी यांना पाऊस कधींच धूत नाहीं, म्हणून जी बाजू आपण सुरक्षित समजतों तीच आधीं गंजते. आमच्या पाहण्यांत अशीं शटरें आलीं आहेत कीं बाहेरून नवीं दिसतात आणि आंतून बोट लावतांच पोपडा निघतो. पत्र्यावरील जस्ताचा लेप स्वतः झिजून लोखंड वांचवितो हें खरें. पण पट्ट्यांचीं टोकें खोबणींत घासतात तेथें तो लवकर उडतो.

यावर उपाय फुकटांतला आहे. माघापासून वैशाखापर्यंत, जेव्हां पाऊस नसतो आणि मीठ मात्र बसत राहतें, तेव्हां महिन्यांतून एकदां विजेचें बटण बंद करून, मोटरीच्या पेटीवर पाणी न उडवितां, शटर आंतल्या बाजूनें गोड्या पाण्यानें धुवावें व फडक्यानें पुसावें. वैशाखांत गंजलेले ठिपके तारेच्या ब्रशानें खरवडून त्यांवर जस्तयुक्त प्रायमर व मग रंगाचा पातळ हात द्यावा. जाड हात दिल्यास पट्ट्यांचे सांधे अडकतात. खोबणींत ग्रीस चोपडण्याची पुष्कळांस हौस असते, ती सोडावी. ग्रीसला वाळू चिकटते आणि त्याची कानस बनते. तेथें सिलिकॉनचा कोरडा फवारा बरा. वरच्या दांड्यावरील स्प्रिंगेस मात्र घरच्या कोणीं हात लावूं नये. ती ताणलेली असते आणि सुटल्यास हाड मोडते.

लांकडी दारें ठेवणारेही कांहीं आहेत. (संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची फळी, मराठींत त्याच शब्दानें घराच्या आंत जाऊन भांडीं सांभाळावयास आरंभ केला!) लांकूड पाणी पितें तें मुख्यतः कापलेल्या टोकांतून, आणि उभ्या फळ्यांची खालची टोकें कोणास दिसत नसल्यामुळें रंगारी नेमकीं तींच सोडतो. दार बिजागरीवरून उतरवून त्या टोकांस रंगाचे दोन हात द्यावे, म्हणजे आषाढांत तें फुगून अडत नाहीं.

विजेच्या मोटरीविषयीं थोडक्यांत. तिच्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढें दोन आंकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोड्यांपुरतें रक्षण, ६५ म्हणजे पाण्याच्या धारेपासूनही. पेटींत शिरणारी तार खालून न्यावी व शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी त्या झोलावरून गळून जातें. भोकें बुजवावीं, मुंग्या व पाली ओलाव्याइतक्याच उपद्रवी असतात. वळवाच्या गडगडाटांत प्लग काढून ठेवावा.

आतां वादळाविषयीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनें किनाऱ्यावर आलें तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो, आणि घरांतील सर्वांत रुंद दार बहुधा गॅरेजचेंच. तें आंत कोसळलें कीं वारा घरांत कोंडून छपराला खालून उचलतो. अमेरिकेंत फ्लोरिडा प्रांतांत १९९२ सालच्या अँड्र्यू वादळानंतर झालेल्या पाहणींत हीच गोष्ट आढळली. आमचे पूर्वज दाराला आडवी अर्गला, म्हणजे अडसर, घालीत. रुंद शटरला तसाच एक काढतां-घालतां येणारा उभा खांब मध्यभागीं असावा, खालीं जमिनींत व वर तुळईंत अडकणारा. तो लावलेला असतां मोटर चालूं होणार नाहीं अशी खबरदारी मात्र घ्यावी.

त्या वादळानंतर दापोली-मंडणगडाकडील कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे विजेवांचून होतीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं तिसऱ्या रात्रीं आजींना धाप लागली. गाडी तयार, चालविणारा नातू तयार. पण शटर हातानें उघडण्याची सांखळी बसविणाऱ्यानें वर गुंडाळून ठेवलेली, आणि ती कोठें आहे व कशी ओढावयाची हें घरांत एकासही ठाऊक नाहीं. शेवटीं शेजाऱ्यांच्या टेम्पोंतून त्यांना तालुक्याच्या गांवीं नेलें. आजी बऱ्या झाल्या. पण तो पाऊण तास त्यांची सून अद्याप विसरलेली नाहीं.

म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें एवढेंच कीं पावसापूर्वीं एके दिवशीं वीज मुद्दाम बंद करून घरांतील प्रत्येकानें, सुनेनें आणि शाळकरी मुलानेंही, दार एकदां हातानें उघडून पाहावें. कांहीं मोटरींस सांखळी असते, कांहींस फिरविण्याचा दांडा, आणि वर सरकणाऱ्या अखंड दारांस ओढण्याची दोरी. ही दोरी दार बंद असतांनाच ओढावी. वर असतांना ओढल्यास, स्प्रिंग तुटलेली असली तर, दार अंगावर येतें. गॅरेजला दुसरें दार नसेल तर सांखळी आंत आणि माणूस बाहेर अशी गत होते. त्यासाठीं बाहेरून मोटर सोडविण्याचें कुलूप मिळतें, तें बसवून घ्यावें, आणि त्याची किल्ली गॅरेजच्या आंत नव्हे, घरांत, सर्वांच्या हाताशीं येईल अशा खुंटीवर टांगावी.