सरकारी वकिलांनी घेतलेल्या खाजगी वकीलपत्राबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब
प्रत : मा. सचिव, विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : रस्त्याच्या दाव्यातील सरकारी वकील तातडीने बदलण्याबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज व लोकशाही दिनातील तक्रार.

महोदय,

तहसीलदारांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली आमच्या शेतांसाठी बांधावरून रस्ता मंजूर केला. बांधाच्या मालकाने त्याविरुद्ध दिवाणी दावा लावून तात्पुरती मनाई मिळवली. दाव्यात सरकार प्रतिवादी आहे. तहसीलदारांचा आदेश टिकवण्याचे काम सरकारी वकिलांचे. आणि हेच वकील त्या मालकाचा वाटपाचा दावा खाजगीत चालवतात. तिथे ते प्रत्येक तारखेला हजर असतात. रस्त्याच्या दाव्यात सरकारची कैफियत अजून दाखल नाही, नुसते मुदतीचे अर्ज पडतात. मनाई उठवण्याचा अर्जही नाही. विचारले तर म्हणतात, तहसीलमधून कागद आले नाहीत. कागद मिळाल्याची त्यांच्याच कार्यालयाची पोच आम्ही मागच्या अर्जाला जोडली होती, पुन्हा जोडत आहोत.

मनाई आहे तशीच राहिल्याने ट्रॅक्टर शेतात जात नाही. गेल्या हंगामात ऊसतोड टोळी वाट नाही म्हणून पुढच्या गावी निघून गेली आणि उसाला तुरे आले. खताची पोती चिखलातून डोक्यावर न्यावी लागतात. वस्तीवरच्या बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागले, हे आपल्यासमोर उभे राहून सांगितले होते.

सरकारी वकील आमचे नव्हेत, सरकारचे आहेत, हे आम्हांला मान्य आहे. खाजगी काम करायला त्यांना सरसकट बंदी नाही, हेही ठाऊक आहे. पण मग त्यांनी सरकारचे तरी व्हावे! सरकारविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाचे वकीलपत्र त्यांच्याकडे कसे, याचे उत्तर १९८४ च्या विधी अधिकारी नियमांत आपल्या कार्यालयाला सापडेल.

लोकशाही दिनात ‘पंधरा दिवसांत अहवाल मागवतो’ असे आश्वासन मिळाले. त्यानंतर ‘फाईल विधी शाखेत आहे’. विधी शाखेत गेलो तर ‘वर पाठवली’. अहवाल आजतागायत कोणी पाहिलेला नाही.

म्हणून मागणी की,
१. या दाव्यात दुसरे सरकारी वकील नेमून पुढील तारखेलाच कैफियत व मनाई उठवण्याचा अर्ज दाखल करावा.
२. सध्याच्या वकिलांची चौकशी करून निष्कर्ष आम्हांला लेखी कळवावा.
३. जिल्ह्यातील सर्व सरकारी वकिलांकडून खाजगी पक्षकारांची यादी घ्यावी.
४. तालुका विधी सेवा समितीच्या मोफत वकिलाची माहिती तहसीलच्या फलकावर लावावी.

नवा हंगाम तोंडावर आहे. पुढील तारखेपूर्वी लेखी उत्तर न आल्यास आम्ही आपल्या कार्यालयासमोर धरणे धरू.

आपले,
रस्ताबाधित शेतकरी
(सह्या व पोचेची प्रत सोबत)