लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : याला बाटवले कोणी? आमिष किंवा जबरदस्ती, या दोनच खणांत सगळी माणसे बसवायची आपल्याला सवय झाली आहे. नाशिककरांना तरी ही सवय परवडणारी नाही. कारण इथल्याच जलालपूरची एक मुलगी या दोन्ही खणांत बसत नाही.

मनकर्णिका गोखले हे तिचे माहेरचे नाव, जन्म १८६८चा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की सारे घर त्यापायी हैराण. १८८०मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन ती लक्ष्मीबाई झाली. टिळक नाशिकलाच गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेले, कवी, आणि एका नोकरीत फार दिवस न टिकणारे. १८९३मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि पुस्तक सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांची ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र त्यांच्या पत्नीची कथा मोठी वाटते.

ख्रिस्ती धर्माची पहिली मंडळी भाबड्या श्रद्धाळूंची होती, असा एक समज आहे. 'नवा करार'च तो खोटा ठरवतो. थोमाला जखमांच्या खुणा पाहिल्यावाचून पटणार नव्हते. पौल तर ख्रिस्ती लोकांना पकडायला दमास्कसला निघाला होता. पुढे दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा तत्त्वज्ञ एकामागून एक पंथ धुंडाळत असताना समुद्रकाठी एक वृद्ध भेटला आणि त्याच्याशी झालेल्या संवादातून त्याची वाट बदलली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. टिळकांची आगगाडी आठवावी, अशीच ही भेट.

पण या सगळ्यांत विचार करायला लावतो तो याकोब, येशूचा भाऊ. येशू हयात असताना भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. घरच्यांना तर त्याला वेड लागले आहे असे वाटले होते! हाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इ.स. ६२मध्ये मारला गेला. बाहेरच्या माणसाला प्रवचन पुरते. घरच्याने त्या माणसाला चिडताना, चुकताना पाहिलेले असते, त्याच्यापायी सोसलेले असते. त्याला पटवणे अवघड.

लक्ष्मीबाईंनी तर काय काय सोसले होते! नवऱ्याच्या सुटलेल्या नोकऱ्या, वाटून टाकलेले पैसे, मोडलेली बिऱ्हाडे, आणि वर हे. स्पष्टच बोलायचे तर टिळकांनी सत्य शोधले, पण त्याची किंमत बायकोने मोजली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. लोकांच्या नजरा, नवरा असून नसल्यासारखी अवस्था. पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण धर्म सोडून नव्हे. वेगळी चूल मांडली, आपले सोवळे सांभाळले. आमिषच म्हणायचे तर संसाराइतके मोठे आमिष कोणते? तरीही त्या बधल्या नाहीत.

मग बदल झाला कुठून? कुणा मिशनऱ्याच्या भाषणातून नव्हे. जात कोणी केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. देवाने केली असती तर जन्मतःच काही खूण दिसली असती. ती दिसत नाही, तेव्हा हे माणसाचेच काम, असा त्यांनी निवाडा केला. एवढे ठरल्यावर कोणाच्याही हातचे पाणी वर्ज्य उरले नाही. वडिलांच्या घरात जी गोष्ट सर्वांत पक्की होती, ती आधी ढासळली. येशूकडे त्या त्यानंतर वळल्या. १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

शिक्षण बेताचे असलेल्या या बाईने म्हातारपणी 'स्मृतिचित्रे' लिहिले. पहिला भाग १९३४मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात वडिलांचे सोवळे आहे, टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, आणि स्वतःच्या हट्टाचीही मनमुराद थट्टा आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकलाच वारल्या. उरलेली हकिगत मग दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरी केली.