ओपन कोणाच्या बापाचं?

'ओपन' हा शब्द शिकायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. मुंबईत तो पावसाळ्यातल्या गटारीच्या पाण्यासारखा आपणहून घरात शिरतो. दुकान ओपन झालं. ओपनिंगला कोण जाणार? गोदीत शेडमध्ये न मावणारा माल ओपन यार्डात पडतो, आणि त्याच्याच बाजूला उन्हात आम्ही डबे ओपन करतो. पोरगी चार माणसांत हसून बोलली की लगेच म्हणणार, 'ती जरा जास्तच ओपन आहे.' मालाला लावला तर जागा, बाईला लावला तर शिवी. शब्द तोच.

पण दोस्तांनो, ह्या शब्दाचा एक अर्थ इंग्रजांच्या डिक्शनरीत नाही. तो इथल्या सवर्णांनी घडवलाय.

'तू कॅटेगरीचा की ओपनचा?'

इथं ओपन म्हणजे उघडा नाही. इथं ओपन म्हणजे जात. स्वतःची जात सांगायची लाज वाटते, सोडायची तयारी नाही, मग काय म्हणायचं? ओपन! दाखला आम्ही काढायचा, शिक्का आमच्या कपाळावर, आणि हे सगळे बिनजातीचे. लग्नाच्या जाहिरातीत मात्र ह्यांचं ओपन मन बघा : 'एस.सी., एस.टी. क्षमस्व.' क्षमा कसली मागता रे? दार लावून घेतलंत, तेवढं कबूल करा.

माझी धाकटी बहीण बारावीनंतर एका कॉलेजात ॲडमिशनला गेली. मार्क ओपनच्या लिस्टीत आरामात बसत होते. खिडकीतला बाबू म्हणाला, 'तुमची लिस्ट तिकडं.'
'मग ही कोणाची?'
'ही ओपनची.'
'ओपन आहे, तर मी का नाही?'
बाबूनं खिडकी लावून घेतली. ओपनची खिडकी बंद! मी दोन खाडे केले, भांडलो, तेव्हा तिचं नाव त्याच लिस्टीत लागलं. ज्या पोरीचा भाऊ खाडे करू शकत नाही तिचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजा.

आता ह्यातला हिशेब ऐका. 1992 साली मंडलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं राखीव जागांना 50 टक्क्यांची वेस घातली. त्याच निकालात हेही आहे की जो स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेवर येतो, तो राखीव जागेत मोजायचा नाही. डिसेंबर 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या पोलीसभरतीच्या खटल्यात कोर्टानं पुन्हा बजावलं : ओपन हा कुणाचा कोटा नव्हे, तो सगळ्यांना खुला. तरी बाबू बोट दाखवतो 'तिकडं'. कारण पोरगी तिकडं ढकलली की आपली एक राखीव जागा तिच्यावर खर्ची पडते, आणि ह्यांच्या ताटात एक भाकर जास्तीची पडते. आरक्षणाच्या नावानं बोंबलणाऱ्यांचं हे चोरटं आरक्षण!

ही चाल नवी नाही. 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब खरोखरच पाण्यापाशी गेले, तेव्हा काठ्या निघाल्या. तळ्यात शेणमुताच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं. त्याच ऑगस्टात नगरपालिकेनं ठराव परत घेतला. कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागायला 1937 साल उजाडलं. आपण पाऊल टाकेपर्यंत सगळं ओपन असतं. पाऊल टाकलं की गोमूत्र.

2019 ला घटना दुरुस्त करून गरिबांसाठी म्हणून 10 टक्के काढले. चांगलं झालं. पण त्यातून दलित, आदिवासी, ओबीसी गरीब वगळले. 2022 ला पाचातल्या तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्का मारला, दोघांनी विरोध नोंदवला. म्हणजे भुकेचं माप घेतानासुद्धा आधी विचारलं, जात कोणती?

आमच्यासाठी खरोखर ओपन एकच भोक : मॅनहोल. तिथं कटऑफ नाही, मेरिट नाही, खिडकीत बाबू नाही. 2013 च्या कायद्यानं मनाई करूनही तिथं आपलीच माणसं उतरवतात आणि आपलीच मरतात. त्या जागेसाठी एकही ओपनवाला कधी मोर्चा काढत नाही!

म्हणून पोरांनो, 'तो ओपनचा आहे' हे बोलणं आजपासून बंद. त्याला त्याच्या जातीचं नाव आहे, ते घ्या. नाहीतर त्यानं जात टाकावी, मग आपण दोघंही ओपन. आणि लिस्ट लागली की आधी ओपनची वाचा, वरून खालपर्यंत. तिथं आपलं नाव बसत असेल तर खिडकीवरून हलू नका. बाबू 'तिकडं' म्हणाला की त्याला 1992 सांगा, 2020 सांगा, आणि मागच्याला पुढं बोलवा.