गिझर ‘गळतोय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

डिसेंबर लागला की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय चालतात, गॅदरिंग आणि गिझर. कुणाचा तापत नाही, कुणाचा चालू केला की घरातली लाईट जाते, आणि निम्म्यांचा गळतो. या ‘गळतो’बद्दल या महिन्यात बोलू या. हा शब्द ऐकून मिस्त्री काय करतात ते गेल्या हिवाळ्यात आम्ही जवळून पाहिलं, आणि त्यातलं एक काम घरातल्यांच्या जिवावर बेतू शकतं.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दापाशी अडायची आम्हाला सवय आहे. मराठीत पाणी ठिबकतं, पाझरतं, झिरपतं, वाहतं. उर्दूत ते टपकतं, रिसतं, बहतं. भाषेनं एवढे शब्द दिलेत, पण फोनवर मिस्त्रीला आपण एकच सांगतो, ‘गळतंय’. मग तो बिचारा वायसर आणि टेप घेऊन येतो. खरं तर गिझरच्या बाबतीत ठिबकणं, पाझरणं आणि वाहणं हे तीन वेगळे आजार आहेत. त्यातला पहिला तर बऱ्याचदा आजारच नसतो.

ते समजायला जुना बंब आठवा. आमच्या लहानपणी परसात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात लाकडं नाहीतर गोवऱ्या, भोवती पाणी. तो गळायला लागला की कुठून गळतोय ते डोळ्यांना दिसायचं. तांबट डाख लावून द्यायचा, संपलं काम. पाणी न भरता जाळ घातला तर तोच डाख वितळायचा आणि घरात दोन दिवस बोलणी बसायची. पण बंब कधी फुटल्याचं आम्ही ऐकलं नाही, कारण तो वरून उघडा होता. तापलेलं पाणी फुगतं, ते फुगायला त्याला मोकळी जागा होती.

गिझर मात्र चारही बाजूंनी बंद. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्टवर नेलं तर ते साधारण पाव लिटरनं वाढतं, म्हणजे चहाचे दोन-अडीच कप. हे जादा पाणी जाणार कुठे? नळ बंद, मागे परत जायची वाटही बंद. म्हणून थंड पाण्याच्या नळीवर, गिझरच्या बुडाशी पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. टाकीतलं गरम पाणी तो उलटं फिरू देत नाही. आतला दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की बाजूच्या तोंडातून थोडं पाणी सोडून देतो. त्याचा छोटा दांडा उचलला की दुरुस्तीच्या वेळी टाकीही रिकामी करता येते. गिझर तापत असताना या तोंडातून थेंब पडत असतील आणि बंद केल्यावर थांबत असतील, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय, एवढंच.

आमच्याकडे सुरुवात इथूनच झाली. फजरच्या आधी अम्मी वजूला उठल्या, तर न्हाणीघराची फरशी ओली. गिझरकडे बघून म्हणाल्या, “इसकू पसीना आरा की क्या?” दुपारी मिस्त्री आले. त्यांनी एक मिनिट वर पाहिलं, पितळी व्हॉल्व्हला बोट लावलं आणि सांगितलं, “सर्वांकडं हेच होतंय. तोंडाला प्लग मारतो, थेंब बंद.” आम्ही नको म्हटलं. ते नाराज झाले, कारण आमच्याच गल्लीत त्यांनी चार घरी असे प्लग मारले होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार येणारही नाही, जोवर थर्मोस्टॅट नीट चालतोय तोवर. पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणं हे त्याचं काम. तो चिकटला आणि त्याच्या मागे असलेला कट-आऊटही बिघडला, तर पाणी तापतच राहतं. बंद टाकीत दाब वाढतो तसा उकळण्याचा बिंदूही वर सरकतो, त्यामुळे शंभर अंश ओलांडूनही ते पाणीच राहतं. टाकीनं दम सोडला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. घराघरात प्रेशर कुकर आहे. त्याची शिट्टी त्रास देते म्हणून कुणी ती चिकटवून टाकतं का? ज्यांच्या व्हॉल्व्हला प्लग मारलेला असेल, त्यांनी हे पान वाचून झाल्यावर आधी न्हाणीघरात जाऊन बघावं. प्लग काढून त्या तोंडाला बारीक नळी लावायची आणि ती मोरीत किंवा बादलीत सोडायची. नळी वरच्या दिशेनं न्यायची नाही, टोकही मोकळं ठेवायचं.

आता ठिबकण्याचा दुसरा प्रकार. गिझर बंद, पाणी थंड, तरी व्हॉल्व्ह ठिबकतोच. मग मात्र व्हॉल्व्हच्या आत क्षार किंवा कचरा अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीचा दाब फारसा नसतो. दहा मीटर उंचीला एक बार असा हिशेब, आणि हल्लीचे अनेक गिझर आठ बारपर्यंतचे असतात. दाबाची शंका घ्यायची ती उंच अपार्टमेंटमध्ये किंवा पंप बसवलेल्या घरात. बाकी ठिकाणी व्हॉल्व्ह बदलायचा, तो काही महाग नसतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी. एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात वजू होत असे, असं हदीसमध्ये आपण वाचतो. त्या मापानं हे एका माणसाच्या दिवसभराच्या पाचही वजूंचं पाणी झालं.

प्लगवाले मिस्त्री गेल्यावर आम्ही शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांना बोलावलं. ते प्लंबिंगच करतात. त्यांनी आल्याआल्या पान्हा काढला नाही. मेन स्विच बंद केला, गिझर फडक्यानं सगळीकडून कोरडा केला आणि प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची एकेक पट्टी गुंडाळली. थंडची नळी, गरमची नळी, व्हॉल्व्ह, आणि बुडाच्या झाकणाखाली एक मोठा कागद. “चहा होऊ द्या,” म्हणाले. अर्ध्या तासानं नळ्यांच्या पट्ट्या कोरड्या होत्या, व्हॉल्व्हचीही कोरडी, आणि बुडाखालच्या कागदावर रुपयाएवढा डाग, तोही तांबूस. ही युक्ती कुणालाही घरी करता येते आणि फुकट आहे. पट्टी नळीच्या जोडाशी भिजली तर खरोखरच वायसरचं काम. पावसाळ्यात थंड नळीला बाहेरून दव धरतं, तेही याच पट्टीवर कळतं. संपूर्ण पट्टी दमट होते, एका जागी भिजत नाही.

आमचं पाणी पाझरत होतं ते हीटरच्या कॉईलच्या पाटीखालच्या रबरी गॅस्केटमधून. वर्षानुवर्षं तापून-निवून रबर कडक होतं. टाकी रिकामी करून पाटी उघडली तेव्हा कॉईलवर चुन्यासारखा पांढरा थर, बुडाशी मूठभर चुरा, आणि कॉईलशेजारी एक वाकडीतिकडी तार लोंबत होती. मिस्त्रीभाई म्हणाले, ही तार म्हणजे एकेकाळी बोटाएवढा जाड मॅग्नेशियमचा दांडा होता.

या दांड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गिझर घेताना दुकानदार लिटर सांगतो, रंग सांगतो, याचं नाव काढत नाही. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. लेपात बारीक चिरा राहतातच आणि पाणी तिथून लोखंड खायला बघतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजणारा धातू. तो टाकीत ठेवला की पाणी आधी त्याला खातं आणि तो आहे तोवर लोखंड वाचतं. कल्पना दोनशे वर्षं जुनी आहे. १८२४ साली इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे त्याला जोडले होते. दांडा किती दिवस पुरेल हे पाण्यावर अवलंबून. आपल्या शहरात २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं आलं, तरी उपनगरांत आणि अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी टाकीत मिसळतंच. असं खारं पाणी असेल तर दर दोन वर्षांनी दांडा उघडून बघावा. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर नवा घालायचा.

आमचा गिझर आठ वर्षांचा. दांडा, गॅस्केट, कॉईलची सफाई, सगळं मिळून साडेसहाशे रुपये मजुरीसह झाले आणि दोन महिने बरे गेले. मग मात्र पाणी वाहायलाच लागलं. बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या कडेनं धार, आणि नळाला लालसर पाणी. याचा अर्थ टाकीच फुटली. बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये फोम भरलेला असतो, त्यामुळे भोक एकीकडे आणि धार दुसरीकडे दिसते.

इथं आमच्या घरात दोन पक्ष पडले. मामूंचं म्हणणं, “उद्यमनगरात न्या, वेल्डिंग करून आणा. कोल्हापुरात राहून नवा गिझर घेता?” त्यांचा अभिमान खोटा नाही. शिवाजी उद्यमनगरात काय दुरुस्त होत नाही? पण तिथल्याच एका वेल्डरनं टाकी घेतली नाही. वेल्डिंगच्या आचेनं आतला काचेचा लेप तडकतो आणि दुरुस्तीच्या शेजारीच टाकी पुन्हा खायला लागते. शिवाय आठ बारचा दाब सोसायला बनवलेलं भांडं एकदा ठिगळ लावलं की किती दाब सोसेल, याची जबाबदारी कुणी घ्यायची? स्टीलच्या टाकीचा सांधा क्वचित जोडून देतात, पण वीज आणि दाब दोन्ही असलेल्या वस्तूला आम्ही तो प्रयोग करणार नाही. मामू अजून मान्य करत नाहीत.

पाण्यापेक्षा जास्त भीती विजेची. पाझरणारं पाणी कॉईलच्या टोकांवर आणि वायरींवर उतरतं, ती सगळी गिझरच्या बुडाशीच असतात. दोन हजार वॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास वीज घेतो. त्याला सोळा अँपिअरचाच सॉकेट हवा आणि अर्थिंग खरं हवं. शनिवार पेठ, रविवार पेठ, सदर बाजार अशा जुन्या वस्त्यांमधल्या वाचकांनी हे जरूर तपासावं. पूर्वी अनेक घरांत अर्थिंगची तार लोखंडी पाण्याच्या पाईपला बांधलेली असे. नंतर पाईप प्लास्टिकचे झाले, तार तशीच राहिली, आणि अर्थिंग नुसतं दिसायला उरलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या बोर्डात पाणी शिरलं, त्यांनी तर पुन्हा एकदा बघून घ्यावं.

मेन बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर वीज अंगातून जाऊ लागताच तो क्षणात तोडतो. त्यावर चाचणीचं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. गिझर लावला की तो पडत असेल तर कॉईलला तडा गेलाय असं समजावं. “हा फार पडतो” म्हणून त्याला बाजूला काढून वायर थेट जोडणारे इलेक्ट्रिशियनही आम्हाला माहीत आहेत. तसलं काम करू देऊ नका. गिझर गळताना दिसला की आधी मेन बोर्डावरून वीज बंद, मग पाण्याची चावी बंद, आणि टाकी निवल्यावरच व्हॉल्व्ह उघडायचा. नळातून वाफ येत असेल तर नुसती वीज बंद करून बाहेर या, दुसरं काही हाताळू नका. आणि घरात म्हातारी माणसं, मुलं असतील तर रोजची शिस्त अशी असावी की पंधरा लिटर पाणी तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तापवून स्विच बंद करायचा आणि मगच कुणी पाण्याला हात लावायचा.

नवा गिझर आम्ही लक्ष्मीपुरीतून घेतला. दुकानदाराला चार प्रश्न विचारले तेव्हा त्यानं आधी आम्हाला कंपनीचे समजलं. टाकीला लेप कसला, दांडा बदलायला मिळतो का, टाकीची हमी किती आणि बाकी भागांची किती, व्हॉल्व्ह खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा. हमी बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या मुदतींची असते, टाकीची जास्त, कॉईलची आणि इतर भागांची कमी, आणि ती पावतीवर लिहून घ्यावी लागते. आयएसआयची खूण आणि तिच्या वरच्या बाजूला आयएस २०८२ हा आकडा पाटीवर छापलेला असतो, तो पाहिला. हमीच्या मुदतीत कंपनी टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, फोन करताना पावती हाताशी ठेवा.

बसवायला आलेल्या मुलानं व्हॉल्व्हचं तोंड बंद करायला प्लग खिशातून काढलाच होता. त्याला नळी लावायला सांगितली. आता त्या नळीखाली एक छोटी बादली असते. रोज सकाळी तिच्या तळाशी कपभर पाणी जमतं आणि भाभी ते तुळशीच्या नाही, आमच्या पुदिन्याच्या कुंडीत ओतते. पाणी निवू द्यावं लागतं, नाहीतर पुदिना करपतो.