भरल्या गाडीचा उतार

मालवाहतुकीच्या व्यवसायात चांगला मार्ग म्हणजे जवळचा मार्ग असे सर्रास धरले जाते. परंतु काठोकाठ भरलेल्या मालट्रकच्या बाबतीत हा हिशेब फसवा ठरतो, कारण अशा गाडीची वाट तिच्यातील सर्वांत अवघड टप्प्यावरून तोलावी लागते. दोनशे किलोमीटरच्या उत्तम रस्त्यात चार किलोमीटरचा खडा उतार असेल, तर दहा टायरी गाडीच्या दृष्टीने तो सगळा मार्ग त्या चार किलोमीटरइतकाच चांगला असतो. देश आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्याने महाराष्ट्रात हा प्रश्न रोजचा आहे.

उदाहरण म्हणून, निर्यात खुली असते त्या हंगामात कराड परिसरातून न्हावा शेवा बंदराकडे निघणाऱ्या साखरेच्या गाडीचा विचार करता येईल. तिच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली पुणे-बंगळूर महामार्गाने सातारा, खंबाटकीचा बोगदा, कात्रजचा नवा बोगदा आणि पुण्याचा बाह्यवळण मार्ग ओलांडून द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरते. दुसरी पाटण, हेळवाक आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठून तेथून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेकडे वळते. अंतरात म्हणण्यासारखा फरक नाही, म्हणूनच निवड करताना चढ-उतार, वळणे, टोल आणि ऋतू या गोष्टी पुढे येतात.

दोन्ही वाटांवर माल भरलेली गाडी शेवटी देशावरून कोकणात उतरते, आणि घाटाविषयीच्या सामान्य समजुतीला येथेच तडा जातो. चढावर गाडी रखडते, इंजिन तापते, मागे रांग लागते, म्हणून चढ अवघड वाटतो. प्रत्यक्षात चढावर बिघडलेली गाडी बहुधा जागीच थांबते, तर उतारावर बिघडलेली गाडी थांबत नाही. दहा टायरी म्हणजे तीन आसांच्या गाडीला मालासह २८.५ टन वजनाची कायदेशीर मुभा आहे. एवढे वजन ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे १४० मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. ही ऊर्जा साधारण चार लिटर डिझेल पूर्णपणे जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी असते. तीच उंची चढताना मात्र दहा-अकरा लिटर डिझेल लागते, कारण इंजिन इंधनातील जेमतेम ३५ ते ४० टक्के ऊर्जाच कामाला लावते.

उतरताना ही उष्णता टायरांचे घर्षण, हवेचा विरोध आणि इंजिनाची ओढ यांत काही प्रमाणात विरते आणि उरलेली ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगला की लायनरपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनरची पकड सुटू लागते, चालक पेडल पुन्हा पुन्हा दाबतो तसतशी ब्रेकच्या टाकीतील हवा उतरत जाते, आणि मग बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ असे छापून येते. वास्तविक बिघाडाची सुरुवात घाटमाथ्यावर चुकीचा गिअर पडला त्या क्षणीच झालेली असते. ज्या गिअरमध्ये घाट चढता येतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे, कारण वेग निम्मा केला की दर मिनिटाला निर्माण होणारी उष्णताही जवळजवळ निम्मी होते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल मारण्याची सवय मात्र दुहेरी नुकसानीची आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअर टाकून पाय काढला की इंधनाचा फवाराच बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. अर्थात ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो ती बचत मुळात होतच नाही.

या निकषावर पुण्याकडची वाट निर्धोक म्हणता येत नाही. तिच्यावर नाव सारखे असलेली दोन खंडाळे लागतात, एक खंबाटकीच्या पायथ्याचे आणि दुसरे बोरघाटाच्या माथ्यावरचे, आणि दोन्ही ठिकाणी उतार आहे; त्यांच्यामध्ये कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने डझनावारी वाहनांना ठोकरले होते. हा उतार दिसायला सौम्य आणि सरळ असल्याने चालक बेसावध राहतो, आणि पुढे शहराची गर्दी उभी असते. बोरघाट याच्या उलट स्वभावाचा आहे, तो भीती घालतो आणि म्हणून सांभाळला जातो. त्याची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी आख्यायिका असून, त्याच्या देवळापाशी आजही चालक नाणे टाकतात. असे असूनही भरल्या गाडीसाठी पुण्याची वाट सरस ठरते, कारण येण्याजाण्याचे रस्ते वेगळे, वळणे मोठ्या त्रिज्येची आणि बंद पडलेल्या गाडीला बाजूला घेण्यास जागा आहे. कुंभार्लीत अरुंद वळणावर लांब ट्रेलरला समोरची मार्गिका व्यापूनच वळावे लागते. चिपळूण किंवा जयगड बंदराचा माल असेल तर कुंभार्लीला पर्याय शोधण्यात अर्थ नाही; परंतु केवळ टोल चुकवण्यासाठी तेथे शिरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

मार्गाइतकेच वजनाच्या वाटणीला महत्त्व आहे. रस्त्याची झीज गाडीच्या एकूण वजनापेक्षा प्रत्येक आसावरील भारावर अवलंबून असते आणि ती भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा निष्कर्ष अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचण्यांतून निघाला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भारातील ही वाढ तेरा टक्क्यांच्या आत असली, तरी चौथ्या घाताच्या नियमाने झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. पोती मागच्या बाजूला जास्त रचली गेली, तर वजनकाट्यावर एकूण आकडा बरोबर येऊनही मागचे आस मर्यादा ओलांडतात आणि पुढची चाके हलकी होऊन वळणावर गाडी स्टिअरिंगला नीट जुमानत नाही.

मार्ग ठरवणारा माणूस मात्र अनेकदा गाडीत बसलेला नसतो. ट्रिपचे भाडे आणि डिझेल आधीच ठोक ठरलेले असले, तर टोलची पावती लगेच खुपते, लायनर आणि टायरांची झीज मात्र महिन्यांनी गॅरेजच्या बिलात उमटते. मोबाइलवरील सर्वसामान्य नकाशे मोटारीचा विचार करून वाट सुचवतात. त्यांना गाडीतले टन कळत नाहीत, आणि वरंधसारख्या घाटात पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने लागू होणारी अवजड वाहतुकीची बंदीही त्यांच्यावर वेळेवर दिसेलच असे नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी मज्जाव केला जातो, तेव्हा कराडच्या साखरेपुढे एकच वाट उरते, आणि सलग सुट्ट्यांच्या दिवशी बोरघाटात मोटारींची रीघ लागत असल्याने त्या वाटेवरही गाडी आधीच्या रात्री रवाना करणेच सोयीचे पडते.