माजी आमदारांचें निवृत्तिवेतन

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं नकारा खटल्यांत म्हटलें. तरीहि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या चाकरींत शिरलेल्या कारकुनांची वर्गणी पगारांतून कापून बाजाराच्या तेजीमंदीच्या स्वाधीन करण्यांत आली. (तेजीमंदी म्हणजे काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको!) मार्च २०२३ मध्यें संप झाला, तेव्हां तिजोरीवरील भार पुढें करण्यांत आला.

माजी आमदारास मात्र एका मुदतीवर, एक पैहि न भरतां, आजन्म निवृत्तिवेतन. अधिक वर्षें बसला कीं तें वाढतें. तेथें तिजोरी आड येत नाहीं! गरीब लोकसेवकाच्या म्हातारपणाची तरतूद असावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कितीहि वेळां निवडून आला तरी निवृत्तिवेतन एकच, असा कायदा पंजाबानें २०२२ सालीं केला. आमच्या विधिमंडळानें निदान तेवढें करावें, आणि सभासदांच्या वेतनांतूनहि वर्गणी कापावी.