पाच कोंबड्या आणि शंभरांची लस

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत मजुराला जमीन नाही. पण दारात पाच-सहा कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा थेट बाईच्या हाती येतो, मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यातून निघतात. मात्र मानमोडी आली की आठवडाभरात खुराडे रिकामे! या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. मग लस वस्तीत का पोहोचत नाही? कारण बाटली साधारणपणे शंभर पक्ष्यांची असते आणि द्रावण केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार?

उपाय एकच : संघटन. बचत गटातील भगिनींनी वस्तीतल्या कोंबड्या मोजाव्यात, दिवस ठरवावा, आदल्या रात्री सर्व पक्षी कोंडावेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याकडे बर्फात ठेवलेली लस मागावी. २०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये बर्ड फ्लूने कावळे मेले. म्हणून अचानक मेलेला पक्षी उकिरड्यावर फेकू नका, दवाखान्याला कळवा. सरकारी दवाखाना जनतेच्या पैशावर चालतो. तेथे लस मागणे ही याचना नव्हे, तो आपला हक्क आहे!